अंधार पडला की दरवळणारी ब्रासाव्होला

ब्रासाव्होला नोडोसा हे मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंतच्या किनाऱ्यांवरचं ऑर्किड. तिथं ते खारफुटीच्या फांद्यांवर आणि उघड्या खडकांवरही वाढतं, त्यामुळे दमट, उकाड्याच्या हवेची त्याला सवय. १८१३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउननं या ऑर्किडच्या वंशाला इटलीतल्या फेराराच्या ब्रासाव्होला या वैद्याचं नाव दिलं. दिवसा नाक लावलं तरी फारसा वास नाही. पतंग बाहेर पडायच्या वेळी मात्र लिंबाच्या जातीचा गोड दरवळ सुटतो, कारण परागीभवन त्यांच्याकडूनच व्हायचं असतं.

घरी हे ऑर्किड नेहमीच्या मातीत लावलंत तर मुळं कुजलीच म्हणून समजा. लाकडाच्या ओंडक्यावर बांधा, नाहीतर भोकं असलेल्या कुंडीत कोळसा आणि कौलाचे तुकडे भरून बसवा. पाणी भरपूर घाला, पण मुळं पांढरी, कोरडी पडल्यावरच पुन्हा. उन्हाचं हिशेबपत्रक पानांवरच असतं: तांबूस ठिपके आले तर ऊन पुरेसं, पानं गर्द हिरवी आणि लुळी पडली तर कमी. सकाळचं ऊन लागणारी बाल्कनी उत्तम. नव्या वाढीच्या दिवसांत पातळ खत पुरे. आणि झाड सारखं या कुंडीतून त्या कुंडीत हलवू नका, त्याला ते मुळीच खपत नाही.