रिकाम्या बाटलीचा परतीचा रस्ता

इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर ड्यूक्सच्या लाल रास्पबेरी सोड्याची बाटली आली, की मी आधी तिचा खांदा निरखायचो. जाड काचेवर तिथे पांढुरकं कडं उमटलेलं असायचं. क्रेटमध्ये शेजारणींशी घासून घासून ते पडे. जितकं कडं ठळक, तितक्या बाटलीच्या फेऱ्या जास्त. ड्यूक्सचा इतिहास मला त्या कड्यात दिसतो.

दिनशाजी कुवरजी पंडोल या क्रिकेटवेड्या पारशी गृहस्थांनी 1889 मध्ये मुंबईत ‘ड्यूक अँड सन्स’ ही सोडा-शीतपेयांची कंपनी सुरू केली. इंग्लंडच्या नामांकित ड्यूक चेंडूवरून हे नाव घेतलं, असं सांगतात. या धंद्यात ते एकटे नव्हते. मुंबईत पालनजी 1865 पासून होतं, पुण्याच्या कॅम्पात अर्देशिर 1884 पासून. पण लेमोनेड, रास्पबेरी आणि पुढे आंब्याचा मँगोला घेऊन ड्यूक्स मुंबईच्या घराघरांत पोचलं. चेंबूरचा कारखाना ही तर त्या भागाची ओळखच झाली.

सोड्याचं गणित साधं आहे. गार पाण्यात वायू जास्त मुरतो, म्हणून आधी पाणी थंड करायचं, मग दाबाखाली त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. अवघड काम पुढचं. काच जड, महाग आणि फुटणारी. बाटली पिऊन झाली की दुकानातच ठेवायची. घरी न्यायची तर डिपॉझिट भरायचं. रिकाम्या बाटल्या कारखान्यात येणार, धुतल्या जाणार, पुन्हा भरल्या जाणार. म्हणजे टेम्पो भरलेले क्रेट टाकून रिकामे घेऊन जिथवर परतू शकेल, तिथवरच त्या चवीचा मुलूख. अशी पेयं आपापल्या शहराची राहिली, त्यामागे अभिमानाइतकंच या परतीच्या रस्त्याचंही बळ होतं.

नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या उतरल्या. कोका-कोलाने 1993 मध्ये पार्लेचे थम्सअपसारखे ब्रँड घेतले आणि 1994 मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. पुढे प्लास्टिकची बाटली आली. ती हलकी, न फुटणारी आणि परत न येणारी. तिला मुलुखाची सीमाच उरली नाही.

पालनजी आणि अर्देशिर मात्र टिकले. त्यांची काचेची बाटली हातात आली, की माझा अंगठा आपसूक खांद्यावर जातो. तिथलं खरखरीत कडं लागलं, की बरं वाटतं. ही बाटली आधी कुणीतरी प्यायलंय, आणि उद्याही कुणीतरी पिणार आहे.