पदके आणि मैदाने

सन 1976 च्या उन्हाळ्यात कॅनडातील माँट्रियल येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत, 1928 पासून एकाही ऑलिंपिकहून रिक्त हस्ताने न परतलेला भारताचा हॉकी संघ तेथे अंथरलेल्या कृत्रिम हिरवळीवर सातव्या क्रमांकापर्यंत घसरला. आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून एका गोलाने हरलेल्या ऑस्ट्रेलियाला जे रौप्यपदक मिळाले, तेच त्या संपन्न व क्रीडाप्रेमी देशाचे त्या वर्षीचे सर्वोच्च यश ठरले. 1956 साली मेलबर्न येथे स्वतःच्या भूमीवर 13 सुवर्णपदके मिळविणाऱ्या ऑस्ट्रेलियाला माँट्रियलमध्ये एक रौप्य आणि चार कांस्य यांवर समाधान मानावे लागले. ज्याच्या सुवर्णपदकाविषयी तेथील जनतेला तिळमात्र शंका नव्हती, तो स्टीफन हॉलंड 1500 मीटर पोहण्याच्या शर्यतीत तोवरच्या जागतिक विक्रमापेक्षा कमी वेळात अंतर पार करूनही तिसरा आला, आणि एवढा पराक्रम करूनही लोकांच्या लेखी तो हरलेलाच ठरला.

सरकारी तिजोरीतून खेळांवर होणारा खर्च मूठभर गुणवंतांच्या विजयासाठी करावयाचा, की सर्वसामान्य नागरिकाच्या आरोग्यासाठी व आनंदासाठी, हा प्रश्न ज्या थोड्या देशांनी उघडपणे, अहवाल मागवून आणि जाहीर वाद घालून हाताळला, त्यांत ऑस्ट्रेलियाची हकीकत मला सर्वांत बोधप्रद वाटते. आणि ती मुळापासून पाहिल्याखेरीज तिचे मर्म उमगत नाही.

आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्तँ यांनी असा सिद्धान्त मांडला होता, की शंभर माणसांनी शरीरसंवर्धन करावयाचे असेल तर पन्नासांनी खेळ खेळले पाहिजेत, पन्नासांनी खेळावयाचे असेल तर विसांनी एखाद्या खेळात विशेष प्रावीण्य मिळविले पाहिजे, आणि विसांनी प्रावीण्य मिळवावयाचे असेल तर पाच जण थक्क करणारे पराक्रम करण्यास समर्थ हवेत. या त्रिकोणी रचनेत एक मोठे आश्वासन दडलेले आहे: शिखर उंच केले की पाया आपोआप रुंदावतो. पुढे शिखरासाठी पैसा मागणाऱ्या प्रत्येक क्रीडासंघटनेने आपल्या दरखास्तीत हेच आश्वासन निरनिराळ्या शब्दांत लिहिले, आणि बहुतेक अर्थमंत्र्यांनी ते पडताळून न पाहता मान्य केले.

ऑस्ट्रेलियाने आरंभ केला तो मात्र पायापासून. 1972 मध्ये अधिकारावर आलेल्या व्हिटलॅम सरकारने पर्यटन व मनोरंजन यांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले, आणि जॉन ब्लूमफील्ड या क्रीडाशास्त्राच्या अभ्यासकाकडून 1973 मध्ये जो अहवाल घेतला त्यात सार्वजनिक क्रीडांगणे, सामुदायिक केंद्रे आणि क्रीडासंस्था यांचा विचार एकत्र केलेला होता. 1975 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सुरू होऊन पुढे देशभर पसरलेल्या एका लोकमोहिमेने तर नॉर्म नावाचे व्यंगचित्रातील पात्रच जन्मास घातले. दूरचित्रवाणीसमोर बसून दुसऱ्यांचे खेळ पाहणारा हा स्थूल गृहस्थ घराघरांत परिचित झाला, आणि त्याला उठवून निदान फेरफटका मारावयास लावणे हे शासनाचे काम आहे ही जाणीव रुजू लागली. मग माँट्रियलची नामुष्की झाली. तिच्यामुळे उसळलेल्या लोकक्षोभाने आधीपासून दफ्तरात पडून असलेल्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेच्या कल्पनेला चालना दिली, आणि 26 जानेवारी 1981 रोजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या हस्ते कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टचे उद्घाटन झाले. पोहणे, मैदानी स्पर्धा, जिम्नॅस्टिक्स, नेटबॉल, टेनिस, बास्केटबॉल, फुटबॉल आणि भारोत्तोलन या आठ खेळांपासून सुरुवात झाली. निवडलेल्या तरुणांचा निवास, आहार, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी यांचा भार राष्ट्राने उचलला. नॉर्मच्या मोहिमेचे केंद्रीय अनुदान पुढे आटले.

संस्थेने आपले काम चोख केले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. 1992 मध्ये बार्सिलोना येथे 7, 1996 मध्ये अटलांटा येथे 9, आणि 2000 मध्ये सिडनी येथे 16 सुवर्णांसह एकूण 58 पदके, ही चढती श्रेणी पाहून पुढे अनेक देशांचे अधिकारी कॅनबेराला गेले आणि तिचा नमुना आपल्या देशी घेऊन आले. परंतु या वैभवशाली काळात सर्वसामान्य ऑस्ट्रेलियन माणूस अधिक खेळू लागला काय, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या अभ्यासकांना सिडनीच्या सोहळ्यानंतरही खेळणाऱ्यांच्या संख्येत कोठे ठळक व टिकाऊ वाढ आढळली नाही. काही खेळांत थोडी भर पडली, काहींत घटच झाली.

2008 मध्ये सरकारने डेव्हिड क्रॉफर्ड या अनुभवी व्यवस्थापकाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली, आणि 2009 च्या नोव्हेंबरात तिचा अहवाल प्रसिद्ध होताच क्रीडाजगतात खळबळ उडाली. समितीने केवळ हिशेब मांडला होता. पण तो हिशेबच बोलका होता. क्रिकेट खेळणाऱ्यांची संख्या तिरंदाजी करणाऱ्यांच्या शंभर पटींहून अधिक असताना सरकारी अनुदान मात्र तिरंदाजीला अधिक मिळत होते, कारण तिरंदाजीत ऑलिंपिक पदक असते आणि क्रिकेटमध्ये तेव्हा नव्हते. पदकतालिकेतील पहिल्या पाचांत राहणे हेच राष्ट्राचे ध्येय का असावे, आणि जे खेळ मुले शाळेत खेळतात व प्रौढ माणसे आयुष्यभर खेळत राहतात त्यांना अग्रक्रम का नसावा, असा रोकडा सवाल समितीने विचारला. ऑलिंपिक समितीने अहवालावर कडाडून हल्ला चढविला. 2010 मध्ये सरकारने दोन्ही बाबींखाली रक्कम वाढवून तंटा मिटविला. तो निर्णय सोयीचा होता, पण मूळ सवालाचे उत्तर त्यात नव्हते, असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये हाच प्रयोग अधिक कठोरपणे झाला. 1996 मध्ये अटलांटाहून अवघे एक सुवर्णपदक घेऊन परतलेल्या ब्रिटनने लॉटरीचा पैसा पदकांच्या मागे लावला, आणि ज्या खेळात पदकाची शक्यता नाही त्याचे अनुदान बंद, असे निर्दय धोरण पत्करले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 29 सुवर्णपदके आली. याच सामन्यांच्या निमित्ताने दहा लाख नवीन माणसे खेळू लागतील असे जे लक्ष्य जाहीर झाले होते, ते सामने भरण्यापूर्वीच, 2011 मध्ये, गुंडाळावे लागले. आणि शहरांतील गरीब वस्त्यांतली मुले ज्या खेळात रमतात त्या बास्केटबॉलचे उच्चस्तरीय अनुदान 2014 मध्ये थांबले. 2015 च्या नव्या धोरणात तेथील सरकारने लोकसहभागाचे मोजमाप पदकांपासून वेगळे काढून शारीरिक व मानसिक स्वास्थ्य, व्यक्तिविकास, समाजजीवन आणि अर्थव्यवस्था यांच्याशी जोडले. हे शहाणपण उशिरा आले, तरी त्याचे मोल मोठे आहे.

कारण विजेत्याला पाहून मुलाच्या मनात जी ऊर्मी उठते ती खरी असली, तरी तिचे आयुष्य फार थोडे असते. दुसऱ्या दिवशी ते मूल जेथे जाईल तेथे मोकळी जागा, एखादा प्रेमळ शिक्षक, परवडेल असे शुल्क आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येईल इतके अंतर, एवढे सर्व जुळून आले तरच ती ऊर्मी सवयीत रूपांतरित होते. आणि मुलींच्या बाबतीत तर स्वच्छतागृह व सुरक्षितता या दोन गोष्टींवाचून बाकीचे सर्व व्यर्थ होय. यांतील एकही गोष्ट पदकाच्या खात्यातून निर्माण होत नाही. म्हणून शिखराचा आणि पायाचा जमाखर्च वेगळा ठेवावा, आणि खेळणाऱ्या सामान्य माणसाला भावी विजेत्यांच्या शोधातला कच्चा माल न समजता त्याचे खेळणे हाच खर्चाचा पुरेसा हेतू मानावा, असे माझे निश्चित मत आहे.

आपल्या 2001 च्या राष्ट्रीय क्रीडाधोरणाने खेळांचा व्यापक प्रसार आणि उच्च दर्जाची कामगिरी ही दोन उद्दिष्टे शेजारी शेजारी मांडली, आणि 1 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या धोरणातही जागतिक यशाबरोबर क्रीडेची लोकचळवळ आणि शिक्षणाशी तिची सांगड यांना स्थान आहे. शिखराची तजवीज आता बरीच सुधारली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत पदक मिळविणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना तेथे धाडण्यासाठी कोल्हापुरात लोकवर्गणी जमवावी लागली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले. 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा त्याच कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. या दोन पदकांमधील 72 वर्षांत राज्याने जे शिकले त्याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा. पायाची जबाबदारी मात्र राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याकडे, आणि प्रत्यक्षात नगरपालिका व जिल्हा परिषदांकडे येते, आणि येथेच धोरणाचा धागा तुटतो.

महाराष्ट्रात प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणांसाठी जागा आरक्षित केलेल्या असतात. परंतु 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, आणि पुढील ठराविक मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाची बाजू अन्यायाची नाही. मोबदला न देता त्याची जमीन अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नसावा. पण मोबदल्यासाठी नगरपालिकेजवळ पैसा नसतो, क्रीडा खात्याला त्या नोटिशीची वार्ताही नसते, आणि ज्या पेठेतल्या मुलांसाठी ती जागा राखलेली होती त्यांच्या वतीने बोलणारा कोणी सरकारी अंमलदार त्या प्रकरणात नसतो. राज्याच्या क्रीडा खात्याने दरवर्षी प्रत्येक नगरपालिकेकडून अशा आरक्षणांची यादी मागवावी, मुदत संपत आलेल्या जागांच्या मोबदल्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब धरावी, आणि खेळाडूंनी मिळविलेल्या पदकांच्या तक्त्याबरोबर त्या वर्षी ताब्यात आलेल्या व हातच्या गेलेल्या मैदानांचा तक्ताही विधिमंडळासमोर ठेवावा.