रामन राघव : न दिसलेल्या खुणा

खुनाच्या एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की वर्गात हमखास एक प्रश्न येतो : "असा माणूस होणार हे आधी कोणालाच कसे कळले नाही?" विद्यार्थी हे कुतूहलाने विचारतात आणि आपण बहुधा "कळायला हवे होते" असे म्हणून पुढे जातो. पण प्रश्न सोपा नाही. आपल्याकडच्या एका जुन्या प्रकरणाच्या आधाराने तो तपासून पाहू.

१९६५-६६ मध्ये मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले होऊ लागले. बोथट जड वस्तूने डोक्यावर घाव, आणि हल्लेखोर पसार. एकूण १९ जणांवर हल्ले झाले, त्यांतील ९ जण दगावले. याच काळात संशयास्पद फिरणारा एक इसम पोलिसांनी पकडला होता. त्याचे नाव दप्तरी होते. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षे शिक्षाही भोगली होती. पण त्याला ओळखणारा साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता. त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ मध्ये उपनगरांत तसेच खून पुन्हा सुरू झाले. रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास आला आणि ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी ज्याला पकडले तो हाच इसम, रामन राघव. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी त्याची आणखी किती तरी नावे होती. माणूस जितक्या नावांनी वावरतो तितका तो कोणाचाच नसतो, असे वाटून जाते.

पुढचा भाग विज्ञानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. खटल्याच्या वेळी पोलीस सर्जननी काही दिवस निरीक्षण करून मत दिले की आरोपीला मनोविकार नाही, स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाने मात्र तुरुंगात अनेक भेटी घेऊन निदान केले ते जुनाट, संशयप्रधान छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे. ऑगस्ट १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्यास सांगितले. या मंडळाने त्याच्याशी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास बोलून तेच निदान केले. जगे दोन आहेत, एक 'कानून'चे आणि एक आपले, अशी त्याची ठाम समजूत होती. लोक आपल्याला पुरुषाची स्त्री करू पाहत आहेत, असेही त्याला वाटे. फाशीची जन्मठेप झाली.

एकाच माणसाविषयी दोन निदाने कशी? ताप मोजायला तापमापक असतो, भ्रम मोजायला नाही. स्मरणशक्ती आणि बुद्धी ठीक असलेल्या माणसाच्याही मनात भक्कम भ्रम असू शकतो. तो बाहेर यायला वेळ द्यावा लागतो, आणि माणसाची मागील हकिगत हाती असावी लागते. ती येथे नव्हती. माहिती द्यायला आई-वडील किंवा जवळचे नातलग उपलब्ध झाले नाहीत. लहानपणापासून चोरीची सवय आणि शिक्षण जवळजवळ नाही, एवढेच समजले.

छिन्नमनस्कता बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत डोके वर काढते. झोप उडते, माणूस अंघोळ-जेवण टाळतो, एकटाच पुटपुटतो, घरच्यांवर संशय घेतो. ही चिन्हे पहिल्यांदा दिसतात ती घरच्यांना. आणि घर तुटते तेही पुष्कळदा याच आजारापायी : भांडणे होतात, घरचे कंटाळतात, मुलगा निघून जातो. जे माणूस बदल ओळखू शकले असते तेच आजाराने आधी दूर केलेले असते. बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मनाचे दुखणे घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. औषधोपचाराऐवजी तेथे जाणे आम्हाला पटत नाही, पण तेथे आलेल्या रुग्णाचा हात कोणीतरी धरलेला असतो, हे मान्य करावे लागते. रामन राघवचा हात कोणी धरलेला नव्हता.

मग खुणा दुर्लक्षिल्या गेल्या, असे म्हणायचे का? येथे जरा थांबू. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती त्याने वेगवेगळ्या गटांना वाचायला दिली, पण शेवट प्रत्येक गटाला निराळा सांगितला : कोणाला इंग्रज जिंकले, कोणाला गुरखे जिंकले. मग विचारले, शेवट माहीत नसता तर तुम्हाला काय संभवनीय वाटले असते? ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. माहिती तीच, शेवट कळताच तिच्यातल्या 'खुणा' बदलल्या. खुन्याचे बालपण वाचताना आपलेही असेच होते.

आता उलट दिशेने हिशोब करू. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या गावात, उदाहरणादाखल, ५,००० प्रौढ माणसे धरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार छिन्नमनस्कता व तत्सम विकार आयुष्यात केव्हातरी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के आहे. म्हणजे आपल्या काल्पनिक गावात अशी सुमारे ७० माणसे निघतील. त्यांतला खुनी शोधायला निघालो तर बहुधा एकही सापडणार नाही, आणि ७० घरांवर मात्र कायमचा शिक्का बसेल. शिक्क्याच्या भीतीने घरचे आजार लपवतील, म्हणजे खुणा आणखीच दिसेनाशा होतील. चोरी करणाऱ्या किंवा एकलकोंड्या मुलांचा हिशोब मांडला तर संख्या याहून किती तरी मोठी होईल. वर्गात हा हिशोब फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे; टक्केवारीचा धडा त्यात आपोआप होतो.

म्हणून शाळेने शोधायचा तो आजार, गुन्हेगार नव्हे. चांगला शिकणारा मुलगा दोन-तीन महिन्यांत बदलला, मित्र तोडले, "सगळे माझ्याविषयी बोलतात" असे म्हणू लागला, तर घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावे. 'बाहेरचे' झाले असे कोणी म्हटले तरी वाद न घालता ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. भ्रम आणि भास कमी करणारी औषधे १९५० च्या दशकापासून वापरात आहेत. रामन राघव दरोड्याची शिक्षा भोगून सुटला, नंतर संशयावरून धरून सोडला गेला, तेव्हाही ती होती. त्याच्यावर उपचार झाले ते मात्र येरवड्याच्या तुरुंगात पोहोचल्यावर, पुण्याच्या मनोरुग्ण संस्थेत. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडे निकामी होऊन त्याचा मृत्यू झाला.