हेड उघडण्याआधी पाण्याची वाट शोधा

कापसाचा हंगाम तोंडावर आला की बाभुळगाव, कळंब, धामणगाव या पट्ट्यात जुने ट्रक हात बदलतात. मीटरवर चार-पाच लाख किलोमीटर दिसतात, आणि मीटर तेवढंच फिरलंय याची हमी कुणी देत नाही. पासिंग झालेलं असतं, टायर बरे असतात, सौदा होतो. पण पासिंगला ब्रेक, दिवे, धूर बघतात. इंजिनात पाणी किती दिवस टिकतं हे कुणी बघत नाही. मग एक दिवस ड्रायव्हर सांगतो, "मालक, गाडी पानी पेते." शेजारी उभा असलेला कुणीतरी लगेच निकाल देतो, "हेड गेलं."

या निकालाच्याही आधी एक समज पक्का बसलेला असतो: जुनी गाडी थोडं पाणी खाणारच. ऑइलच्या बाबतीत हे थोडंफार खरं आहे, कारण झिजलेल्या इंजिनात ऑइल जळतं. पाण्याचं तसं नाही. ती यंत्रणा बंदिस्त आहे, त्यामुळे दर दोन-चार दिवसांनी बाटली ओतावी लागत असेल तर पाणी कुठून तरी बाहेर पडतंय किंवा आत शिरतंय.

"खाली ठिपका नाही, म्हणजे गळती नाही," हेही तसंच. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. बारीक गळतीचं पाणी जमिनीवर पडायच्या आतच उडून जातं. मागे राहतो तो सुकलेला पांढरा, हिरवा किंवा गुलाबी डाग. तो वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी, होज पाइपच्या क्लिपाखाली आणि रेडिएटरच्या जोडावर शोधावा. काही क्लिपा इंजिन गार असतानाच गळतात आणि गरम झाल्यावर आवळून बसतात. म्हणून प्रेशर टेस्टर गार इंजिनावर लावावा, रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवावी.

ती कॅपही तपासावी. तिचं काम कुकरच्या शिट्टीसारखं आहे: वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब धरला तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मऊ पडली की दाब राहत नाही आणि चढावर पाणी ओव्हरफ्लोतून निघून जातं. काहीशे रुपयांच्या कॅपपायी हजारोंचं हेडचं काम निघू शकतं.

मोठ्या ट्रकांत सगळ्यात जास्त फसवतो तो हवेचा कॉम्प्रेसर. एअर ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत त्याचं हेड इंजिनच्याच पाण्याने गार होतं. त्या छोट्या हेडची गॅस्केट फाटली की दाबाची हवा पाण्यात शिरते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाइप फुगतात, पाणी उसळून बाहेर पडतं. इंजिनची गॅस्केट उडाल्यावर दिसतं ते सगळं इथेही दिसतं. मग हेड उतरतं, फेसिंगला जातं, नवी गॅस्केट बसते आणि गाडी पुन्हा पाणी फेकते. खात्री करणं अवघड नाही. कॉम्प्रेसरचे पाण्याचे पाइप सोडवून एकमेकांना जोडावेत आणि उभ्या गाडीत इंजिन दोन-चार मिनिटं चालवावं. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा. हवेच्या टाकीचा कॉक उघडल्यावर रंगीत पाणी आलं, तर आणखी शोधायलाच नको.

पांढरा धूर दिसला की सगळे हेडकडे बोट दाखवतात. पण थंडीत सकाळी सुटणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. डोळे चुरचुरतात आणि इंजिन तापलं की तो जातो. इंजिन तापल्यावरही टिकणारी, गोडसर वासाची वाफ मात्र कुलंटची. तीही हेडमधूनच येते असं नाही. 2017 नंतरच्या बीएस-4 आणि 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी अनेकांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने गार करणारा भाग, असतो. तो आतून फुटला की पाणी थेट धुराच्या वाटेने जातं आणि ऑइल स्वच्छच राहतं.

ऑइल आणि पाणी मिसळलं तर? इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून रेडिएटरमध्ये ऑइल तरंगत असेल तर आधी ऑइल कूलर काढून तपासावा. ऑइलच्या झाकणाखालची दुधट साय हा पुरावा नव्हे, कमी अंतराच्या फेऱ्यांत ती दमटपणानेही जमते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन नट थोडा सैल करावा. पाणी जड, त्यामुळे असेल तर आधी तेच बाहेर येतं.

काटा वर चढला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर तो नुसत्या वाफेत राहतो आणि काटा कमीच दाखवू शकतो.

उपायांबद्दलचे समज तर जास्त नडतात. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवायची युक्ती घरी पोचण्यापुरती चालते, पण तीच हळद पुढे बारीक नळ्या बंद करते. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील," हेही धोक्याचं. अनेक इंजिनांत तापल्यावर बायपासची वाट तोच बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला टाळून आतल्या आतच फिरतं आणि भर मे महिन्यात गाडी जास्तच तापते. कुलंट थंड मुलखासाठीच, असं समजून बोअरचं क्षाराचं पाणी ओतणं म्हणजे आत थर चढवणं. कुलंट गंज रोखतं. वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा इंजिनात तर त्यातली रसायनं बुडबुड्यांच्या माऱ्याने लायनरला भोकं पडू देत नाहीत. बॅटरीचं पाणी कुठेही मिळतं. कंपनीने सांगितलेलं कुलंट त्यातच मिसळावं, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं.

हेडची खरी शंका घ्यायची ती अशी: गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधी, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, आणि कॉम्प्रेसर वेगळा केला तरी बुडबुडे थांबत नाहीत. म्हणून ट्रक घ्यायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, सकाळी येतो, इंजिन चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर कॅप उघडू नका, अंगावर उकळतं पाणी येईल. चहा घ्या, हवं तर जेवा, आणि इंजिन गार झाल्यावर पुन्हा या.