ऊस बिल, वीज आणि घराचे कुलूप



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांवर लिहितो. या खेपेला थोडे बांधाबाहेर जाऊन लिहीत आहोत. को ८६०३२ चा खोडवा नीट राखून एकरी चाळीस टन काढणारा सभासद बिलाचे पैसे गमावून बसला, की शेतकी खात्याची वर्षभराची खटपटही त्याच्याबरोबर पाण्यात जाते. म्हणून हे लिहिणे आमच्या कामाबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. केजकडच्या एका सभासदाच्या फडात तोड चालू होती. वयाने ते आमच्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वाढ्याची पेंढी बांधता बांधता त्यांनी विचारले, “साहेब, गावात एक संस्था बारा टक्के देऊ लालीय. बिल तिथंच टाकावं म्हणतो. काय करू?” आम्ही घाईत होतो. दुसऱ्या फडात टोळी उतरायची होती, मुकादमाचा फोन येत होता. “टाका आण्णा, पण सगळे टाकू नका,” एवढे बोलून आम्ही मोटारसायकलला किक मारली. आण्णांनी वाक्याचा पुढचा भाग ऐकलाच नाही म्हणा, किंवा आम्ही तो ऐकू जाईल असा बोललोच नाही. तीन हंगामांचे बिल तिथे गेले. आज पावत्या आहेत, पैसे नाहीत. लेकीचे लग्न वर्षभर पुढे ढकलले आणि शेवटी उसनवारी करून उरकले. संस्थेचे नाव येथे देत नाही. आमचा अर्धा सल्लाही या नुकसानीत आहे, हे मात्र लिहून ठेवतो.

आण्णा एकटे नाहीत. बीड येथे मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांना २०२३ च्या अखेरीपासून पैसे मिळेनासे झाले. २०२४ मध्ये गुन्हे नोंदले गेले, पुढे सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. दोषी कोण हे ठरवायला न्यायालय आहे. आपण पाहायचे ते इतकेच की, मालमत्तेवर टाच येणे आणि ठेवीदाराच्या हातात रोकड पडणे यांत फार मोठे अंतर असते. त्या अंतरात पेरणी येते, दवाखाना येतो, लग्न येते.

‘मल्टिस्टेट’ शब्द ऐकला की पुष्कळांना वाटते, ही बँकेपेक्षा मोठी गोष्ट. तसे नाही. एकापेक्षा अधिक राज्यांत काम करणारी संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदली जाते, एवढाच त्याचा अर्थ. मल्टिस्टेट बँक वेगळी आणि मल्टिस्टेट पतसंस्था वेगळी. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, पतसंस्थेकडे तो नसतो. खरी मेख पुढे आहे. बँकेतील ठेवीला विमा असतो. बँक बुडाली तरी एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. राष्ट्रीयीकृत बँक, जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक यांना हा विमा लागू आहे. पतसंस्थेला, मग ती गावातील असो की मल्टिस्टेट असो, तो लागू नाही. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे ठेवले तरी ५ लाखांची मर्यादा एकच धरतात, हेही ध्यानात असावे. पोस्टातील बचतीमागे केंद्र सरकार उभे असते.

सर्वच पतसंस्था वाईट असे आमचे म्हणणे नाही. कित्येकांनी सावकाराच्या दारातून माणसे सोडवली आहेत. पण व्याजाचा आकडा ऐकल्यावर एक हिशेब प्रत्येकाने घरी करावा. आपल्याला बँक पीक कर्ज ७ टक्क्यांनी देते. तेव्हा जो ठेवीवर १२ किंवा १४ टक्के देतो, तो ते पैसे पुढे कोणाला आणि किती टक्क्यांनी देत असेल? इतके महाग कर्ज घेणारा माणूस कोण असतो, हे आपण गावात पाहतोच. दामदुपटीचा हिशेबही सोपा आहे. ७२ ला व्याजदराने भागावे म्हणजे किती वर्षांत पैसे दुप्पट होतात ते अंदाजे कळते. १२ टक्क्यांनी ६ वर्षे लागतात. कोणी ४ वर्षांत दुप्पट सांगत असेल तर तो १८ टक्के देण्याची भाषा करतो आहे. किसान विकास पत्राला २०२३ पासूनच्या दराने ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे अधिक. हळू आहे, खरे.

याच न्यायाने, ऊस बिलातून कारखाने ज्या ठेवी कापत आले त्यांनाही बँकेसारखा विमा नाही. हे वाक्य वाचून आमच्या वरिष्ठांच्या कपाळाला आठी पडेल, पण सभासदाला अर्धेच सांगण्याची चूक आम्ही एकदा केली आहे.

मग बिलाचे करावे काय? समजा दोन एकरांचे ८० टन गेले, पहिला हप्ता टनाला २,७०० रुपये पडला, तर २ लाख १६ हजार होतात. आधी सोसायटीचे पीक कर्ज फेडावे. वेळेत फेडले तर आपल्या राज्यात २०२१ पासून ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला शेतकऱ्यास व्याज पडत नाही, उशीर केला तर ही सवलत हातची जाते. मग सोनेतारण किंवा हातउसने असेल ते. शेकडा दोन रुपये महिन्याचे देणे डोक्यावर ठेवून शेकडा आठ रुपये वर्षाची ठेव करणारे सभासद आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना पासबुकाचा अभिमानही असतो! त्यानंतर खोडव्याची मशागत आणि खत बाजूला काढावे. उरले तर बँक किंवा पोस्ट. खाते शक्यतो दोघांच्या नावे असावे, वारसाचे नाव नोंदलेले असावे आणि पावत्या कोठे आहेत हे घरातील बाईला ठाऊक असावे.

विजेचेही असेच आहे. दुसऱ्याच्या हातातली किल्ली कधी फिरेल याचा भरवसा नाही. आपल्या जिल्ह्यात परळीला औष्णिक केंद्र आहे, तरी २०१३ च्या दुष्काळात खडका बंधाऱ्याचे पाणी संपले आणि ते पुरते बंद ठेवावे लागले. २०१५ लाही पाण्याअभावी तीच गत झाली. उलट आपला कारखाना पाहा. १०० टन ऊस गाळला की सुमारे २८ ते ३० टन बगॅस निघतो, तोच बॉयलरमध्ये जातो, त्याच वाफेवर मिल चालते आणि वीजही तयार होते. आपले जळण आपल्याच उसात असते.

शेतावर सर्वांत मोठा जाच रात्रीच्या पाळीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा दारे धरायला जाणाऱ्याच्या घरी सकाळपर्यंत कोणी झोपत नसे. सौर पंप दिवसा चालतो, ही त्याची पहिली कमाई आम्ही मानतो. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाचपर्यंत ५, त्यावर साडेसात. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा त्यात येतो. ज्यांच्याकडे आधीची वीज जोडणी नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे. मात्र विहिरीला पाणी किती, हे उन्हाळ्यात मोजूनच अर्ज करावा. पॅनल पाणी उपसते, आणत नाही. ठिबकाशिवाय सौर पंपावर उसाचे पाट भरायला गेलात तर ढगाळ दिवसांत शेंडे सुकतील.

घराच्या छपरावर पॅनल बसविणारांना एक सूचना. पंतप्रधान सूर्यघर योजनेत (२०२४) २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट वा अधिकला एकूण ७८ हजार अनुदान ठरले. पण बॅटरी नसलेले, महावितरणच्या तारेला जोडलेले पॅनल, तारेतली वीज गेली की आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. “वर एवढं ऊन अन् खाली अंधार कसा?” असे एका सभासदाने आम्हांला घरी नेऊन विचारले होते. बिल कमी होते, भारनियमन जात नाही. दोन्ही हवे असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा.

आता कुलपाचे. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात, ते पाडव्याच्या आसपास परततात. धारूर, पाटोदा, शिरूरकडच्या वस्त्यांवर ओळीने घरे बंद असतात, मागे म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. सभासदांच्या भाऊबंदांतही कोयत्यावर जाणारी घरे आहेत. बाहेरून लावलेले मोठे कुलूप सर्वांना सांगते की आत कोणी नाही. त्यापेक्षा आतून अडसर घालता येईल असे एक दार आणि शेजारच्या म्हातारीला रोज संध्याकाळी अंगणात दिवा लावायला सांगणे, हे अधिक उपयोगी पडलेले आम्ही पाहिले आहे. मुकादमाकडून उचल हातात आली की ती गावभर कळते. म्हणून ती घरात, कणगीत, उशीखाली न ठेवता खात्यात टाकावी. दागिने तुटपुंजे असले तरी लॉकर किंवा विश्वासू नातेवाईक पाहावा.

मोटारीचा नंबर, स्टार्टरचा नंबर, सौर पॅनलचे नंबर यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि एका वहीतही लिहावेत. केबल चोरीची फिर्याद देताना पोलीस पहिला प्रश्न तोच विचारतात. रात्री संशयास्पद गाडी दिसली तर ११२ फिरवावे. फोनवरून कोणी ‘तुमचे ऊस बिल अडकले आहे, नंबर सांगा’ म्हणाले तर काही सांगू नये. कारखाना असा फोन करीत नाही. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवावे, पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

आण्णा गेल्या महिन्यात गट ऑफिसात आले होते. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पोस्टाची पावती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, या बारीला नीट बघून सांगा. घाई करू नका.” आम्ही चष्मा पुसून ती दोनदा वाचली. नाव, रक्कम, तारीख बरोबर होती. वारसाची नोंद करायची राहिली होती, ती करायला त्यांना परत पाठवले.

ज्यांना पावत्या, योजनेचे अर्ज किंवा पीक कर्जाच्या तारखा यांबद्दल विचारायचे असेल त्यांनी कागद घेऊन यावे. सकाळी आम्ही फडावर असतो, चारनंतर गट ऑफिसात सापडू.