कोरड्या मस्कतमधल्या ओल्या भिंती

अंगणातल्या इंटरलॉक फरशांबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण छतावरच्या डागांचा लेख वाचून मस्कतच्या अल घुब्रा भागातल्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारला आहे की त्याला एका ओळीत उत्तर देणं अन्यायाचं होईल. त्यांच्या तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात जमिनीपासून दोनेक फुटांपर्यंत रंगाला फोड येतात. दोनदा वॉटरप्रूफ रंग देऊन झाला. भिंतीत नळ नाही, वर टाकी नाही, पाऊस तर नाहीच. तरीही दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाऊन ऑगस्टअखेर परतलं की पहिल्या काही दिवसांतच पोपडे गळून जमिनीवर पांढरा भुगा पडतो. घर बंद असताना कोणी पाण्याचा थेंबही सांडलेला नसतो. मग ओल येते कुठून, आणि नेमकी आपण परतल्यावरच का?

आपल्याकडे ओल म्हटलं की नजर वर जाते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा गच्ची, कौलं, पावसाळी पन्हळ यांच्यावर संशय घेणं शहाणपणाचंच आहे. मस्कतला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, तोही एखाद्या दिवशी वादी, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीपात्रं, भरून वाहतील असा कोसळतो आणि मग महिनोन् महिने आभाळ कोरडं. अशा गावात भिंत ओली राहते याचा अर्थ, आपण शोधतो आहोत ते पाणी पावसाचं नाही. ते हवेतलं आहे, आणि त्याला भिंतीत बोलावून घेणारा क्षार भिंतीत आधीच बसलेला आहे. जुन्या वाड्यांत ज्याला ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणायचे, तोच हा प्रकार. मस्कतमध्ये तो उशिरा लक्षात येतो, कारण घरं पांढरी किंवा फिकट रंगाची असतात आणि पांढऱ्यावर पांढरा क्षार दिसत नाही. दिसतात ते थेट पोपडे.

साध्या मिठाचा एक गुण इथे कळीचा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. त्याच्या खाली आली की पाणी सोडून पुन्हा स्फटिक होतं. आता बंद घराचा हिशेब मांडून पाहा. एसी चालू असतो तेव्हा खोलीतली हवा कोरडी असते आणि मीठ स्फटिकरूपात निपचित पडून असतं. जून-जुलैत घर बंद झालं, एसी थांबला, समुद्रावरची दमट हवा फटींतून आत शिरून मुरली की भिंतीतलं मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी गिलाव्याच्या छिद्रांतून हळूहळू पसरतं. घरची मंडळी परततात, एसी जोरात लावतात, हवा झपाट्याने कोरडी होते. भिंतीतलं पाणी आतल्या पृष्ठभागाकडे सरकून उडून जातं, मीठ मात्र उडत नाही. ते रंगाच्या मागे स्फटिक होऊन वाढतं. वाढणाऱ्या स्फटिकाला जागा लागते, ती तो गिलावा फोडून करून घेतो. सोडियम सल्फेट तर याहून वाईट. ३२.४ अंशांच्या खाली ते आपल्यासोबत पाण्याचे दहा रेणू धरून बसतं आणि त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. बंद घराचं तापमान या आकड्याच्या वर असतं, एसी लावला की खाली येतं. तेव्हा वाचकांना पडलेला ‘परतल्यावरच का’ हा प्रश्न हेच या निदानाचं सर्वांत भक्कम कारण आहे. फुटलेला नळ सुट्ट्यांचं वेळापत्रक पाळत नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: नळाला आणि बागेला समुद्राचं पाणी गोडं करूनच येतं, मग मीठ कुठून? मीठ पाण्यासोबतच यायला हवं असं नाही. किनाऱ्याची माती मुळात क्षारयुक्त आहे. ओमानच्या बातिना किनारपट्टीत विहिरींचा उपसा वाढल्यामुळे समुद्राचं पाणी भूजलात शिरलं, ही तिथल्या शेतीची जुनी व्यथा आहे. वाळू नीट धुतलेली नसेल तर तिच्यातून मीठ येतं, सिमेंटमधूनही सल्फेट येतं आणि समुद्राचा वारा बाहेरून भर घालतो. गोडं पाणी मातीत जिरलं की तिथलं मीठ विरघळवून भिंतीच्या पायथ्याशी आणतं. म्हणूनच भिंतीला लागून केलेला बोगनवेलीचा वाफा आणि त्यातली रोज ठिबकणारी नळी यांच्यावर माझा सर्वांत जास्त राग आहे. खात्री करायची तर पांढऱ्या भुग्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. विरघळला तर मीठ. विरघळला नाही आणि व्हिनेगर टाकल्यावर फसफसला तर तो चुन्याचा क्षार, फारसा उपद्रवी नसलेला. काळे किंवा हिरवट ठिपके आणि कुबट वास असेल तर बुरशी, तिचा विचार छताच्या लेखात झाला आहे.

आता मुख्य मुद्दा. वॉटरप्रूफ रंग या भिंतीचं रक्षण करत नाही, तिची हानी वाढवतो. श्वास घेणाऱ्या पृष्ठभागावर मीठ बाहेर येऊन फुलतं, ते कोरड्या ब्रशने झाडून टाकता येतं. पृष्ठभाग बंद केला की मीठ त्या पापुद्र्याच्या मागे साठतं आणि रंगासोबत गिलावाही घेऊन पडतं. शिवाय पाण्याला खाली बाहेर पडायला वाट उरली नाही की ते आणखी वर चढतं. दोन फुटांवरचे फोड पुढच्या वर्षी तीन फुटांवर दिसतात. ‘पहिल्या रंगाने दीड वर्ष तरी काढलं की’ असं कोणी म्हणेल. काढलं, कारण मीठ साठायला तेवढा वेळ लागला. त्या दीड वर्षात भिंत बरी होत नव्हती.

ओमानच्या जुन्या बांधकामात याचा पुरावा उघड्यावर उभा आहे. तिथे माती भाजून केलेली सारूज नावाची भुकटी पाण्यात कालवून, चुन्यासोबत किंवा चुन्याशिवाय, गिलाव्यासाठी वापरत. आपल्या सुरखी-चुन्याची ती सख्खी बहीण. फलज, म्हणजे डोंगरातून पाणी आणणारे पाट, याच सारूजने लिंपत; २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पाच फलज व्यवस्थांत आजही पाणी वाहतं. म्हणजे हे साहित्य पाण्याला घाबरणारं नाही, तरीही ते सिमेंटसारखं ठार बंद नाही. बहलाच्या किल्ल्याची कथा याहून बोलकी आहे. कच्च्या विटांचा हा किल्ला १९८७ साली वारसा यादीत आला आणि लगेच १९८८ साली धोक्यातल्या वारशांत नोंदला गेला, कारण प्रत्येक पावसानंतर तो झपाट्याने ढासळत होता. सुरुवातीच्या डागडुजीत मातीला न मानवणारं साहित्य वापरल्याचा ठपका आला. पुढे मातीच्या बांधकामाला साजेल अशा पद्धतीने काम झालं आणि २००४ साली किल्ला धोक्याच्या यादीतून बाहेर आला. दुरुस्तीचं साहित्य मूळ भिंतीपेक्षा कडक आणि बंद असेल तर झीज भिंतीची होते, ही गोष्ट तिथे एका अख्ख्या किल्ल्याच्या किमतीवर शिकली गेली.

‘पण आमचं घर काँक्रीटच्या ब्लॉकचं आहे, मातीचं नाही’ हा दुसरा आक्षेप, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ब्लॉकलाही छिद्रं असतात आणि मिठाला भिंतीची जात कळत नाही, इथवर उत्तर सोपं आहे. फरक पडतो तो लोखंडाजवळ. फोड कॉलमवर असतील, उभी सरळ चीर आणि तांबूस डाग दिसत असेल, तर आतली सळई मिठाने गंजून फुगते आहे. तिथे घरगुती दुरुस्ती थांबवून अभियंत्याला बोलवा. चुना लावून ते झाकणं धोक्याचं आहे. बाकी ब्लॉकच्या भिंतीला मात्र जुनाच क्रम लागू पडतो. आधी पाणी तोडा: वाफा भिंतीपासून दोन-तीन फूट दूर, ठिबकनळी त्याच्याही पलीकडे. मग शेवटच्या फोडाच्या वर निदान दीड फुटापर्यंतचा गिलावा खरवडून काढा आणि तो मलबा त्याच दिवशी घराबाहेर न्या, अंगणात ओतू नका. भिंत धुऊ नका. धुणं म्हणजे मीठ पुन्हा आत ढकलणं. कोरड्या ब्रशने झाडा, उघडी ठेवा, पुन्हा झाडा. हे दोन-तीन महिने कंटाळवाणे असतात आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. त्यानंतर एक भाग चुना, तीन भाग धुतलेली गोड्या पाण्याची वाळू असा गिलावा, वर चुन्याचा हात किंवा सिलिकेट रंग. पुट्टी नको. चुना कालवताना चष्मा आणि हातमोजे घालाच, डोळ्यात उडालेला चुना कायमची इजा करतो.

हा गिलावाही काही वर्षांनी भुसभुशीत होईल, अशी तक्रार येईल. होईलच, मीठ स्वतःत ओढून घेऊन झिजणं हेच त्याचं काम आहे, आणि तो बदलणं ब्लॉक बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. भाड्याच्या घरात गिलावा फोडायची परवानगी मिळत नसेल तर निदान वॉटरप्रूफ रंगाचा तिसरा हात थांबवा, सुटलेला पापुद्रा काढून भिंत मोकळी ठेवा आणि सोफा चार बोटं पुढे ओढा. सुट्टीत टायमरवर रोज चार तास एसी ठेवावा, असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. मला तो पटत नाही. मिठाचं विरघळणं आणि पुन्हा स्फटिक होणं दोन महिन्यांत एकदा व्हायचं ते त्याने रोज होऊ शकतं. आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या खाली ठेवणारं यंत्र परवडत असेल तर तेच लावा; नाहीतर परतल्यावर पहिला आठवडा एसी सौम्य ठेवून खोली सावकाश वाळू द्या.

इंटरलॉकची गोष्ट आता पुढच्या आठवड्यात. तोवर एवढं मोजून ठेवा: अंगणातल्या फरशीची पातळी घरातल्या जमिनीपेक्षा किती खाली आहे, आणि बादलीभर पाणी ओतलं तर ते भिंतीकडे येतं की फाटकाकडे जातं. १५० मिलिमीटरपेक्षा कमी फरक असेल किंवा पाणी भिंतीकडे येत असेल, तर गिलावा काढायच्या आधी फरशी उचलावी लागेल.