कच्ची चिठ्ठी
लातूरच्या आडत बाजारात गेलो असता आमच्या मोटारीचा क्लच निकामी झाला. तेथील एका गॅरेजने नवी क्लचप्लेट बसविल्याचे सांगितले. नांदेडला परतल्यावर आठवड्यातच तोच दोष. कारागिराने उघडून पाहिले, तर प्लेट जुनीच!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. लातूरला खेटे घालावे लागत नाहीत. बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच. परंतु जीएसटी वाचविण्यासाठी पक्के बिल आम्हीच नाकारले होते, आणि तेही व्यापाऱ्याच्या घरात! पुराव्यादाखल हाती उरली कच्ची चिठ्ठी. (पेढीच्या नफ्यासाठी चालणारा टेम्पो मात्र सहसा या कायद्याच्या कक्षेत येत नाही.)

काढलेला जुना भाग आता आम्ही मागून घेतो.